हाती धरलेला अग्नी : दिवटी, पोत व बनेटी यांची सेवा आणि सावधगिरी

॥ येळकोट येळकोट जय मल्हार ॥

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस घट बसतात आणि चंपाषष्ठीस षड्‌रात्रोत्सवाची सांगता होते, हे सर्व भाविकांस विदित आहेच. या सहा दिवसांत माळव्यातील मराठी घरांतून दिवटी आणि बुधली ही दोन उपकरणे देवघरातून बाहेर येतात, चिंचेने घासली जातात आणि तळी भरताना पाजळली जातात. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडेराय असल्यामुळे हा कुळाचार त्यांच्याबरोबर नर्मदेच्या उत्तरेस आला आणि आज अडीचशेहून अधिक वर्षे येथे टिकून आहे. त्याच सुमारास संस्थानच्या कार्यालयात दर वर्षी काही प्रश्न येतात. दिवटीस रॉकेल चालेल काय? पालखीपुढे मुलांनी तोंडातून जाळ काढण्याचा खेळ करावा काय? तळहातावर कापूर ठेवून आरती करण्यास शास्त्राधार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत, म्हणून प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

दिवटी म्हणजे धातूची लहान मशाल. वरच्या वाटीसारख्या अथवा नळीसारख्या भागात सुती कापडाची घट्ट वळलेली वात बसवितात. खाली मूठ असते. बुधली ही तेलाची धातूची कुपी. तिची मान अरुंद असते, आणि हे केवळ सौंदर्यासाठी नाही. जळत्या वातीवर तेल घालावयाचे ते बारीक धारेने, थोडे थोडे. धार तुटताच हात मागे. परंपरेने या कामी गोडे तेल वापरले जाते, म्हणजे करडईचे, तिळाचे किंवा भुईमुगाचे. आमच्या मते पूर्वजांच्या निवडीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच होय.

याचे कारण असे. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. खाद्यतेल सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याखेरीज त्याची वाफ पेट घेत नाही. म्हणून बुधलीतून धार सोडली तरी ज्योत त्या धारेवरून वर चढून हातातील कुपीपर्यंत येत नाही. तेल वातीत उतरते आणि तेथेच जळते. रॉकेलची गोष्ट निराळी. त्याची वाफ ४० अंशांच्या मागेपुढेच पेटती होते, आणि माळव्यातील वैशाखात दुपारच्या सावलीतही पारा तेथवर जातो. पेट्रोलची वाफ तर शून्याखाली ४० अंशांवरही पेट घेते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, लोकांच्या पायांशी पसरते आणि दूरच्या निखाऱ्यापर्यंत जाऊन पेटून परत येते. स्पिरिट, थिनर आणि पेट्रोल हे तिन्ही पदार्थ जळत्या वातीवर बाटलीतून ओतणे म्हणजे बाटलीच हातात पेटविणे होय. बाटलीतील वाफेने पेट घेतला की तिच्या तोंडातून ज्वाळेचा झोत निघतो आणि तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर जातो, धरणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे ओतणारा पुष्कळदा बचावतो आणि शेजारचा भाजतो.

गोडे तेल सुरक्षित म्हणजे निर्धोक असे मात्र कोणी समजू नये. त्याचा दोष असा की ते तापलेले अंगावर पडले तर चिकटून राहते आणि बराच वेळ उष्णता सोडीत नाही. म्हणून वात तेलात भिजवून झाल्यावर पिळून घ्यावी, थेंब गळणे थांबेपर्यंत थांबावे, मगच समईवरून दिवटी लावावी. धरताना ती किंचित पुढे कललेली असावी, म्हणजे ओघळ मुठीवर येत नाही. काही घरांत तळी झाल्यावर दिवटी दुधात शांत करण्याची रीत आहे. ती अवश्य पाळावी. फक्त ज्योत बारीक होऊ द्यावी आणि वाटी खोलगट घ्यावी, कारण उकळत्या तेलात ओल उतरली की ते तडतडून बाहेर उडते. याच कारणाने पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. झाकण घालावे.

पोत आणि अंगावरून फिरणारी ज्योत

भवानीच्या भक्तांत पोत असतो. तोही कापडाचाच, पण पिळून पिळून दोरासारखा घट्ट केलेला. लग्नानंतर घरी गोंधळ घालतात, तेव्हा संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर गोंधळी तो हाती घेतो, आणि घरचे यजमानही तो क्षणभर धरतात. कवड्यांच्या माळा घातलेले भुत्ये पोताची ज्योत दंडावरून, छातीवरून फिरवितात. पाहणाऱ्यास वाटते की त्यांस अग्नी बाधत नाही. श्रद्धेच्या प्रांतात आम्ही शिरत नाही. पण जाणत्या गोंधळ्यांचे हात नीट पाहिल्यास दिसते, की ज्योत एका जागी कधीच थांबत नाही.

त्वचेला भाजण्यास उष्णतेबरोबर वेळही लागतो. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसास खोल भाजण्यास साधारण ५ सेकंद लागतात, ७० अंशांच्या पाण्याने एखादाच सेकंद पुरतो. ज्योत याहून कितीतरी तप्त असली तरी ती वायुरूप आहे. झटकन सरकली तर तिच्यातील उष्णता अंगात उतरण्यास अवधी मिळत नाही. थांबली तर मिळतो. पोत खेळणारा वर्षानुवर्षे शिकतो ते हेच. त्याची गती संबळीच्या ठेक्यावर बांधलेली असते, आणि ठेका चुकला की तो हात प्रथम बाजूला नेतो. नवशिक्या तरुणाने गर्दीच्या आरोळ्यांवर ते करून पाहू नये. अंगावर केस अधिक असल्यास, सुगंधी फवारा मारलेला असल्यास किंवा अंगात कृत्रिम धाग्याचा सदरा असल्यास तर मुळीच नाही.

निखाऱ्यांवरून चालण्याचेही तत्त्व याच जातीचे आहे. गोव्यातील शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीस हजारो धोंड व्रत धरून होमकुंडातून जातात. कोळसा आणि राख उष्णता सावकाश सोडतात आणि पाऊल टेकते ते क्षणभरच. मे २०२५ मध्ये त्याच जत्रेत भाविक मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले, पण ते अग्नीने नव्हे, चेंगराचेंगरीने. अग्नी हाती असणाऱ्याने आपल्या हातापेक्षा भोवतालच्या गर्दीची चिंता अधिक का करावी, याचा उलगडा त्यातून होतो. गोव्यातीलच दिवजांची रीत आम्हांस या दृष्टीने फार मनोज्ञ वाटते. सुवासिनी पाच ज्योतींचे मातीचे दिवज हाती घेऊन देवळाभोवती जातात, ते रांगेने आणि सावकाश.

कापूर

तळहातावर कापूर पेटविणे हे अलीकडे फार वाढले आहे. कापूर जळतो तो आपल्या वाफेने. ज्योत वडीच्या वर असते आणि खालची बाजू आरंभी तितकी तापत नाही. त्यामुळे पहिले काही क्षण काहीच होत नाही आणि भक्तास धीर येतो. पण सुमारे १७५ ते १८० अंशांस कापूर वितळतो. तो द्रव तळहातावर पसरला की हात झटकण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि झटकलेला जळता कापूर शेजाऱ्यावर उडतो. कापूरआरतीसाठी पंचारती आणि धुपारणे आहे, त्यांस मूठ आहे. आमच्या मंदिरात तळहातावरील कापूर मान्य नाही.

आणखी एक. सन २०२० नंतर हातास निर्जंतुक द्रव लावण्याची सवय अनेकांस जडली. त्यात मद्यार्क असतो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. हात पूर्ण कोरडे झाल्याखेरीज आरती घेऊ नये.

भंडारा : आमची चूक

या लेखाचे खरे कारण येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

काही वर्षांपूर्वी चंपाषष्ठीच्या रात्री पालखी परतत होती. महाद्वाराच्या आत, दोन भिंतींमधील अरुंद वाटेत, एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिवटी धरून पुढे चालला होता. त्याने सर्व काही विधिवत केले होते. वात सुती, तेल गोडे, हात पुढे. इतक्यात वरच्या सज्जातून कोणी भक्तीच्या भरात भंडाऱ्याचे पोते उलटे केले. पिवळा ढग खाली आला आणि दिवटीवर उतरला. एक मोठा फुस्स असा आवाज झाला आणि दोन पुरुष उंचीचा भडका उठला. डोळ्याचे पाते लवेपर्यंत तो विझलाही. मुलाच्या भुवया आणि पुढचे केस गेले. मागे असलेल्या एका भगिनीच्या नायलॉनच्या पदराने मात्र पेट घेतला, आणि वितळलेले कापड तिच्या हातास चिकटले. आमच्या एका वृद्ध सेवेकऱ्याने खांद्यावरची घोंगडी तिच्यावर टाकली म्हणून ते तेथेच थांबले. हातावरचा तो डाग आजही आहे. त्या दर वर्षी तळीस येतात.

चौकशी केली तेव्हा कळले की तो भंडारा पूर्ण हळदीचा नव्हता. रंगविलेले बारीक पीठ त्यात मिसळलेले होते. आणि तो संस्थाननेच घाऊक बाजारातून स्वस्त म्हणून आणला होता. दोष सज्जातील भाविकाचा नव्हता, आमचा होता. खरे तर शुद्ध हळदीचा असता तरी धोका टळला असता असे नाही. हळद असो, मैदा असो की मक्याचे पीठ, परातीत रास करून ठेवले तर ते सहसा पेटत नाही. पण तेच हवेत उधळले की प्रत्येक कणाभोवती हवा असते आणि सारा ढग एकाच क्षणी जळतो. पिठाच्या गिरण्यांत आणि साखर कारखान्यांत याच कारणाने स्फोट होतात. सन २०१५ च्या जून महिन्यात तैवानमधील एका जलक्रीडा उद्यानात संगीताच्या कार्यक्रमात मक्याच्या पिठाची रंगीत पूड उधळली गेली आणि तिने पेट घेतला. सुमारे ५०० जण भाजले आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक तरुण होते, उघड्या पायांनी नाचत होते.

दूर कशास जावे? २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे, उज्जैनीस श्री महाकालेश्वराच्या गाभाऱ्यात भस्मारती चालू असताना गुलाल उधळला गेला. तो आरतीतील जळत्या कापरावर पडून भडका झाला आणि पुजारी व सेवक मिळून १४ जण भाजले. त्यांपैकी एका वृद्ध सेवकाचे पुढे निधन झाले. आपल्या येथून तासा-दीड तासाच्या वाटेवर घडलेली ही घटना आहे. ती वाचली तेव्हा आम्हांस आमचा सज्जा आठवला.

तेव्हापासून संस्थानने क्रम बदलला. प्रथम भंडाऱ्याची उधळण होते, ती पटांगणात, उघड्या आकाशाखाली. धूळ खाली बसली, अंगावरची झटकली गेली, मग दिवट्या पाजळतात. महाद्वाराच्या आत भंडारा केवळ कपाळी लावला जातो. काही ज्येष्ठ भाविकांस हा बदल रुचला नाही; येळकोट म्हणताना भंडारा उधळलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. क्रम मात्र बदलणार नाही.

बनेटी व पालखीपुढील खेळ

इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत झांक्यांबरोबर आखाडे चालतात, आणि त्यांतील बनेटी हा प्रकार आबालवृद्धांस प्रिय आहे. काठीच्या दोन्ही टोकांस कापडाचे गोळे बांधून, पेटवून, ती डोक्यावरून, पाठीमागून, पायांखालून फिरवितात. अंधारात अग्नीची दोन चक्रे दिसतात. ही मूळची लाठी-काठीची विद्या आहे. ज्याची काठी न पेटविता तासभर फिरवून एकदाही अंगास लागत नाही, त्यानेच पेटविण्याचा विचार करावा. जुने उस्ताद शागिर्दास आधी कोरडे गोळे, मग पाण्याने भिजविलेले गोळे बांधून देत. ओला गोळा अंगास लागला की सदऱ्यावर डाग उमटे, आणि तो डाग उस्ताद मोजत.

बनेटीचे गोळे गोड्या तेलावर नीट पेटत नाहीत आणि गतीत विझतात, म्हणून आखाड्यांत रॉकेल वापरले जात असे. आता अनेक ठिकाणी शिधापत्रिकेवरील रॉकेल बंद झाले आणि त्याची जागा पेट्रोलने घेतली. अलीकडची भीती आहे ती ही. गोळ्यात उरलेले जादा इंधन फिरताच कडेने उडते आणि पुढच्या रांगेतील मुलांच्या अंगावर पडते. ज्या मंडळांस बनेटी करावयाचीच आहे, त्यांनी पेट्रोल, स्पिरिट वा थिनर वर्ज्य करावे. रॉकेलात बुडविलेला गोळा घट्ट पिळावा, रिकाम्या जागी काठी न पेटविता झटकून घ्यावी, इंधनाचा डबा झाकण लावून लांब ठेवावा आणि पेटविणाऱ्याने हात पुसावेत. गोळा लोखंडी तारेने बांधावा. सुतळी जळते आणि गोळा सुटून प्रेक्षकांत जातो. काठीच्या टोकापासून निदान पंधरा फूट जागा चोहोबाजूंनी मोकळी असावी. वरून जाणाऱ्या तारा, मंडपाच्या झालरी आणि पताका यांकडे कोणी पाहत नाही. त्या आधी पाहाव्यात.

तोंडात इंधन घेऊन जाळ काढण्याचा प्रकार आमच्या पालखीपुढे पूर्णतः बंद आहे. त्यास कोणत्याही कुळाचाराचा आधार नाही. ज्वाळा परत तोंडाकडे येते हा एक धोका; पण त्याहून फसवा धोका असा की रॉकेलाचा घोटभर अंश श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो. तेव्हा केवळ ठसका लागतो. काही तासांनी ताप, छातीत दुखणे आणि धाप सुरू होते, आणि न्यूमोनिया होऊन रुग्णालयात राहावे लागते. असे झाल्यास उलटी करवू नये, तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट युद्धाचा दाखला तरुण मंडळी आम्हांस देतात. हिंगणबेटाच्या पोकळ फळात दारू भरून, ते हातातील जळत्या काडीने पेटवून, तुर्रा आणि कलगी हे दोन पक्ष एकमेकांवर फेकतात. (शाहिरांच्या कलगी-तुऱ्याची नावे येथे शस्त्रांच्या खेळास लागलेली पाहून गंमत वाटते.) त्यात शौर्य आहे, हे मान्य. दर वर्षी माणसे भाजतात, आणि सन २०१७ मध्ये एका तरुणाचा मृत्यू झाला, हेही तितकेच खरे. तेथील लोक ढाल घेऊन उभे राहतात. आपल्या पालखीपुढे बायका कडेवर मुले घेऊन उभ्या असतात.

वस्त्र, घोंगडी आणि भाजल्यास

दिवटी वा पोत धरणाऱ्याने सुती अथवा लोकरी वस्त्र नेसावे, बाह्या घट्ट असाव्यात, उपरणे कमरेस खोचावे, स्त्रियांनी पदर खोचून केस बांधावेत. सूत लवकर पेटते, पण वितळत नाही. नायलॉन व पॉलिस्टर वितळून कातडीस चिकटते. लोकर सहज पेटत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. मल्हारी हा धनगरांचा देव, आणि त्याच्या भक्ताच्या खांद्यावर घोंगडी असते. आता प्रत्येक दोन दिवट्यांमागे एक सेवेकरी घोंगडी घेऊन चालतो. ती ओली करून ठेवल्यास अधिक चांगले. कपड्यास आग लागल्यास धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, चेहरा हातांनी झाकावा. दुसऱ्याने घोंगडी टाकताना मानेपासून खाली टाकावी, म्हणजे ज्वाळा चेहऱ्याकडे जात नाहीत.

भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद, शाई, दंतमंजन, तूप यांपैकी काहीही लावू नये. भंडारा तर नकोच. तो लावण्याचा आग्रह होतो, म्हणून मुद्दाम लिहितो. बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, चिकटलेले कापड ओढू नये, जखमेवर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल टाकावे. चेहरा, हात किंवा सांधे भाजले असल्यास, अथवा लहान मूल असल्यास, जखम लहान दिसली तरी रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ किंवा सर्व प्रकारच्या साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक लावावा.

दिवटी सेवेविषयी सूचना

ज्यांस षड्‌रात्रोत्सवात पालखीपुढे दिवटी धरण्याची सेवा करावयाची आहे, त्यांनी घट बसण्यापूर्वी कार्यालयात नाव द्यावे. अठरा वर्षांखालील मुलांस यापुढे पेटती दिवटी दिली जाणार नाही. त्यांस बुधली, घोंगडी आणि भंडाऱ्याचे ताट यांची सेवा आहे. सराव सभामंडपात न होता पटांगणात होईल. तेल संस्थानकडून मिळेल, बाहेरून आणू नये. वातीसाठी घरचे जुने, धुऊन मऊ झालेले सुती धोतर आणावे. नव्या कापडास खळ असते आणि ते तेल पीत नाही.